नारळ, पापड की चटई

टिपणीस वहिनी सुनेवर करणी करतात, अशी बातमी आमच्या सोसायटीत आली ती शेवंतीच्या तोंडून. शेवंती त्यांच्याकडेही भांडी घासते आणि आमच्याकडेही, त्यामुळे त्या घरातलं काहीही आमच्याकडे गरमागरम पोचतं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जेवणाच्या टेबलावर शेंडी काढून गुळगुळीत केलेला नारळ, नारळावर कुंकवाचे तीन ठिपके, आणि एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर ताणलेला काळा दोरा. शेजारी भाजलेला पापड. त्यावरही तीन ठिपके.

"करणीला पापड कशाला लागतो गं?" मी विचारलं.

"ता माका काय म्हायत. आमच्या गावाक पापड कोण लावीत नाय," शेवंती म्हणाली. "हयची पद्धत येगळी आसात."

संध्याकाळपर्यंत ही बातमी मी नाहूर स्टेशनच्या पुलापर्यंत पोचवली. साधी नाही, सजवून. पापड काढून त्याजागी लिंबू घातलं, कारण पापडावर कोणी विश्वास ठेवला नसता. सून म्हणजे श्वेता, ती बंगळूरला असते, तिला त्या आठवड्यात सर्दी झाली होती हेही कुठूनसं कळलं, तेही जोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी माझी बायको विमला वाटीभर कोशिंबीर घेऊन तपासाला गेली आणि तासाभराने तोंड पाडून परत आली.

"करणी नाहीये," ती म्हणाली. "त्रिकोण काढतायत."

"नारळावर?"

"नारळावर. कोन मोजतायत. विश्वाचा आकार शोधतायत म्हणे."

मी म्हटलं, याच्यापेक्षा करणी बरी होती. करणी निदान पुलापर्यंत जाते. विश्वाचा आकार कोणाला सांगणार?

पण आता सांगायलाच बसलोय तर नीट सांगतो.

वसुधा टिपणीस आमच्या समोरच्या दारात राहतात. टेलिफोन खात्यात तक्रार विभागात नोकरी केली, निवृत्त झाल्या. विद्याधरराव, म्हणजे त्यांचे यजमान, भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. गिऱ्हाईक रंगाचा तुकडा आणून देई, तसाच रंग तंतोतंत जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम. आमच्या जिन्याला मागे रंग दिला तेव्हा त्यांनी दारातूनच सांगितलं होतं, वरच्या मजल्याचा डबा वेगळा आहे. आम्हाला दोन्ही भिंती पिवळ्याच दिसत होत्या. अजूनही दिसतात.

निवृत्त झाल्यावर विद्याधररावांना प्रश्न पडायला लागले. वरणाला फेस का येतो. कबुतराला मान न हलवता चालता का येत नाही. प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पेपर उघडायचे. वहिनींचं उत्तरही ठरलेलं असे: "आधी गोळी घ्या." एवढा सुरळीत संसार मी दुसरा पाहिलेला नाही.

एका दुपारी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "वसू, विश्वाचा आकार कसा असेल गं?" वहिनी म्हणाल्या, आधी गोळी घ्या. त्यांनी गोळी घेतली, आडवे झाले, आणि उठले नाहीत.

वहिनी रडल्या नाहीत. विमला म्हणाली, येईल, काहींना उशिरा येतं. नाही आलं. त्यांचं सगळं चालू होतं तसं चालू राहिलं, फक्त आत कोणी नसल्यासारखं. टीव्ही लावायच्या आणि आवाज बंद ठेवायच्या. आमटीत मीठ बरोबर असायचं, पण स्वतः किती खाल्लं, खाल्लं का, हे विचारलं तर आठवावं लागायचं. लिफ्टमध्ये शिरायच्या आणि बटण न दाबता उभ्या राहायच्या. कोणी वरून बोलावली की वर, खालून बोलावली की खाली. मी दोनदा दार उघडलं तर त्या आत उभ्या. "कुठे निघालात वहिनी?" "दूध आणायला." "हा तर आपलाच मजला." "हो का," त्या म्हणाल्या. पूर्वी माझ्या पांचट विनोदांवर सगळ्यात आधी त्या हसायच्या, आणि वर म्हणायच्या, भाऊजी, हा मागच्या गणपतीतला. आता मी मुद्दाम मागच्या गणपतीतला सांगितला, तरी "हो का."

आता दहाव्याचं सांगायला हवं, कारण घोटाळा तिथे झाला.

मुलुंडला स्मशानभूमीच्या शेडमध्ये आम्ही पुरुष मंडळी जमलो होतो. बायका घरी. श्रेयस, त्यांचा मुलगा, बंगळूरहून आलेला. विद्याधररावांचा धाकटा भाऊ नंदकुमार डोंबिवलीहून आलेला. पिंड कठड्यावर ठेवला, वर वडा, आणि सगळे लांब होऊन कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. आमच्याकडचे कावळे दिवसभर हातगाड्यांच्या मागे भजी खातात, त्यांना कसली भूक? एक आला, लांब बसला, मान वाकडी करून बघत राहिला. शिवेना.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी राहिलंय. ते ओळखायचं, आणि पुरं करतो म्हणून मोठ्याने सांगायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, ज्यांचा विश्वास नाही त्यांना जास्तच.

श्रेयस पुढे झाला. "बाबा, आईला मी बंगळूरला नेईन. एकटी ठेवणार नाही."

कावळा दोन उड्या मारून मागे सरकला.

नंदकुमार म्हणाला, "दादा, तुझी स्कूटर मी विकणार नाही."

काही नाही. शेजारच्या कठड्यावर दुसरी मंडळी उभी होती, त्यांचाही कावळा आमच्याच कावळ्याशेजारी बसून होता. गुरुजींना पुढे अजून एकीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करू का? शास्त्रात सोय आहे."

"गवताचा दादाला चालायचा नाही," नंदकुमार म्हणाला. "जन्मभर त्याने नकली माल परत पाठवला." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही वहिनीला फोन लावा. शेवटचं काय बोलला ते विचारा."

मी लावला आणि फोन मधे धरला.

"वहिनी, विद्याधरराव शेवटचं काय बोलले?"

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग वहिनी, अगदी सपाट आवाजात, "विश्वाचा आकार कसा आहे असं विचारलं. मी गोळी दिली."

श्रेयस खाली बघत होता. नंदकुमारने हात जोडले आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, वहिनी तुला विश्वाचा आकार शोधून सांगेल. वर्षश्राद्धाला सांगेल."

कावळा उडाला, कठड्यावर आला, पिंडाला चोच लावली आणि वडा घेऊन गेला.

आता त्याच वेळी शेजारच्या मंडळींनी दर्भाचा कावळा करून सामान उचललं आणि ती बाजू मोकळी झाली, हे मी पाहिलं होतं. पण तिथे ते कोण बोलणार? मी फक्त एवढं ध्यानात ठेवलं की श्रेयसचा शब्द कावळ्याने घेतला नव्हता. आणि घरी येताना गाडीत ते बोलूनही दाखवलं.

"काका, प्लीज," श्रेयस म्हणाला.

पण शब्द दिला गेला होता, तोही कावळ्यासमोर. श्रेयसला आईला लगेच न्यायचं होतं. नंदकुमारने सांगितलं, तिचं काम होऊ दे, वर्ष होऊ दे, मग ने. श्रेयस तयार झाला. मुलगा वाईट नाही. त्याने आईसाठी खोली रिकामी करून ठेवली होती, खिडकीतून झाड दिसतं असे फोटो पाठवत होता. मी समोर असतानाच एकदा फोनवर म्हणाला, "आई, तू काहीतरी बोल ना. यायचंय की नाही यायचं?"

"मला इथेही काही वाटत नाही," वहिनी म्हणाल्या. "तिथेही वाटणार नाही. मग कपाट कशाला हलवायचं?"

"तेच म्हणतोय मी. काही वाटत नाही हेच बरोबर नाही. म्हणून चल."

"बघू वर्षाने."

आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो की वर्षाने त्या जाणार. विमलाने त्यांची कढीपत्त्याची कुंडी मागून ठेवली होती. वहिनी हो म्हणाल्या होत्या, त्याच सुरात ज्या सुरात त्या सगळ्याला हो म्हणत होत्या.

आकाराचं त्यांनी मनावर घेतलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी ते तक्रारीसारखं घेतलं. "आमच्याकडे तक्रार आली की ती बंद करावी लागायची," त्या मला म्हणाल्या. "खरी की खोटी ते आपण बघायचं नाही. तपास करायचा, कळवायचं, बंद."

तपासाला हाताशी होती गार्गी. बी विंगमधली, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी मुलगी. तिच्या घराची किल्ली टिपणिसांकडे असते, म्हणून रोज संध्याकाळी ती दारात येते. एका संध्याकाळी वहिनींनी किल्ली हातात न देता विचारलं, "गार्गी, विश्वाचा आकार कसा आहे?"

गार्गी चप्पल काढून आत आली. मी पेपर परत द्यायला गेलो होतो, तो तसाच बसलो.

"काकू, बाहेर जाऊन बघता येत नाही ना. आत राहूनच ओळखायचं. मुंगी चटईवर फिरतेय आणि तिला कळायला हवं की चटई सरळ आहे की वाकडी."

"मग?"

"मुंगीने त्रिकोण काढायचा. तिन्ही कोनांची बेरीज किती?"

"एकशे ऐंशी," वहिनी म्हणाल्या. तक्रार क्रमांक सांगावा तशा.

"चटईवर एकशे ऐंशी. तोच त्रिकोण नारळावर काढा, बेरीज जास्त येते. बाजू बाहेर फुगतात. आणि तिसरा प्रकार असा की बेरीज कमी येते." तिने स्वयंपाकघरात इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर वहिनींनी भाजलेला पापड होता. "हा. बघा, एका बाजूने वर वळलाय, दुसऱ्या बाजूने खाली. घोड्याच्या खोगिरासारखा. याच्यावर कमी."

"म्हणजे विश्व नारळ, पापड किंवा चटई," मी म्हटलं. "उपासाला एकच चालेल."

"थट्टा करा काका, पण बरोबर आहे ते. फक्त एवढं की नारळ आणि पापड आपल्या समजुतीसाठी. खरं वाकलेलं असेल तर ते पृष्ठ नाही, अवकाशच. ते डोळ्याला दिसत नाही. कोनांमध्ये सापडतं."

वहिनींनी पापड उचलला आणि बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कंपासपेटी असेल श्रेयसची." एवढंच. दुसऱ्या दिवशी शेवंतीने जे पाहिलं ते हे; मला ते ठाऊक होतं, पण अशी बातमी सोडवेना, म्हणून विमलासमोरही मी अजाणच राहिलो. दोरा नारळावरून घसरायचा, पापड मोजेपर्यंत मोडायचे, आणि वहिनी दुसरा भाजायच्या. माझी करणीची अफवा त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "लिंबू कुठून आलं त्यात?" रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वेळी किल्ली घ्यायला आली तेव्हा गार्गीला बसायलाच लावलं.

"नारळावर जास्त येतंय," वहिनी म्हणाल्या. "पापडावर कमी. आता विश्वावर कोणी काढला त्रिकोण?"

"काढलाय. फार मोठा काढावा लागतो पण. लहान त्रिकोण नारळावरही सरळच वाटतो." गार्गीने चहाचा कप बाजूला सरकवला. "सुरुवातीला विश्व इतकं तापलेलं होतं की त्यातून उजेड सुटतच नव्हता. दाट धुकं समजा. मग ते निवलं, धुकं विरलं आणि उजेड निघाला. तो तेराशे ऐंशी कोटी वर्षं चालतोय आणि अजून सगळ्या बाजूंनी आपल्याकडे येतोय. आता तो डोळ्याला दिसत नाही, ताणला जाऊन मायक्रोवेव्ह झालाय. उपग्रहांनी त्याचा नकाशा काढलाय." तिने मोबाईलवर नकाशा दाखवला. अंड्याच्या आकारात निळे, पिवळे, लाल डाग, मोझेक लादी फुटल्यासारखे.

"हे डाग म्हणजे कुठे किंचित गरम, कुठे किंचित गार. फरक इतका बारीक की लाखात एक भाग."

वहिनींनी मोबाईल जवळ धरला. "निळ्यात हिरवा पडलाय," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले असते."

"रंग शास्त्रज्ञांनी दिलेत काकू. समजावं म्हणून."

"हो का. पण हिरवा पडलाय."

गार्गीने पुढे सांगितलं. "त्या काळी त्या तापलेल्या रसातून लाटा जात होत्या, आवाजासारख्या. धुकं विरेपर्यंत त्या किती लांब जाऊ शकल्या, याचं गणित करता येतं. त्यामुळे हे ठळक डाग प्रत्यक्षात केवढे, ते माहीत आहे. ते किती लांब आहेत तेही माहीत आहे. आता त्रिकोण बघा. डागाच्या दोन टोकांपासून दोन उजेड निघाले आणि आपल्या डोळ्यात येऊन मिळाले. डाग हा पाया, आपला डोळा हे टोक. इथला कोन मोजायचा. अवकाश नारळ असेल तर डाग मोठे दिसतील. पापड असेल तर लहान."

"आणि?"

"साधारण एक अंश. चटईवर यायला हवा तेवढाच. दुसऱ्या पद्धतींनीही बघितलंय, दीर्घिका एकमेकींपासून किती अंतरावर पडतात ते मोजून. सगळं धरलं तरी सपाटच येतं, हजारात एखाद-दोन भाग इकडेतिकडे."

"एक अंश म्हणजे केवढा?"

"पूर्ण चंद्र अर्धा अंश. म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी."

वहिनी उठल्या आणि गॅलरीत गेल्या. दिवेलागणीची वेळ होती, समोरच्या टॉवरच्या क्रेनवर चंद्र आला होता. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि चंद्राशेजारची मोकळी जागा बघत राहिल्या, जिथे दुसरा बसला असता. बराच वेळ. मला वाटलं आता येईल, विमला म्हणते ते रडू. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "सपाट म्हणजे मग संपतच नाही का?"

"ते नाही सांगता येत," गार्गी म्हणाली. "चटई गुंडाळून सुरळी केली तरी तिच्यावरच्या त्रिकोणाची बेरीज एकशे ऐंशीच राहते. मुंगी सरळ जात राहील आणि फिरून निघाली तिथेच येईल. विश्वही तसं असू शकेल. आकाशाच्या दोन बाजूंना सारखीच नक्षी दिसते का ते शोधलंय. सापडली नाही. पण सापडली नाही म्हणजे नाहीच, असं नाही. आपल्याला दिसतं तेवढंच मोजता येतं. त्याच्या पलीकडून उजेडच अजून आलेला नाही."

"म्हणजे तक्रार अर्धी बंद," मी म्हटलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. पण "हो का" असंही म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर त्या कोपऱ्यातली चटई गुंडाळायच्या, उलगडायच्या, त्यावर खडूने काढलेला त्रिकोण बघायच्या. शेवंतीने ती एकदा धुऊन वाळत घातली तर पुन्हा त्रिकोण काढला. लिफ्टमध्ये आता बटण दाबायच्या. बाकी तसंच. टीव्ही आवाजाविना. विमला म्हणायची, बंगळूरला गेल्या की सुधारतील. मी म्हणायचो, कावळ्याचा शब्द लक्षात आहे ना? ती म्हणायची, गप्प बसा.

वर्षश्राद्ध घरीच केलं. श्रेयस आणि श्वेता दोघं आले, नंदकुमार आला. श्वेता ठणठणीत होती, हे मी जिन्यात दोघातिघांच्या नजरेस आणून दिलं, माझी जबाबदारी म्हणून. वहिनींची एक बॅग श्रेयसने सकाळीच भरून ठेवली होती आणि ती दारात उभी होती. येणारा-जाणारा प्रत्येकजण तिला वळसा घालत होता.

पान वाढून आम्ही सगळे गच्चीवर गेलो. टाकीच्या कट्ट्यावर पान ठेवलं. वहिनी पुढे झाल्या. नंदकुमारने हात जोडले. वहिनींनी नाही जोडले. टेबलाशी बसून कोणाशी बोलावं तशा म्हणाल्या, "अहो. सपाट आहे. आतापर्यंत मोजलंय तेवढं."

कावळा याच्या आधीच येऊन खीर खात होता. ऐकायलाही थांबला नव्हता. मी नंदकुमारकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत होता.

"झालं ना आई," श्रेयस हळू म्हणाला. "सांगितलंस बाबांना. दिलेला शब्द पुरा झाला. आता चल. संध्याकाळची तिकिटं आहेत."

वहिनींनी पानाच्या कडेला सांडलेली खीर पदराने पुसली आणि कावळा पुन्हा बसेल एवढी जागा सोडून बाजूला झाल्या.

"मोजलंय तेवढंच सांगितलंय मी त्यांना. पलीकडचं अजून कोणी मोजलेलं नाही. तिकीट परत कर."